हात गुंतलेले, कान मोकळे

सोल्डरिंग करणाऱ्या माणसाला गाणं निवडायला हात मोकळा नसतो. उजव्या हातात तापलेलं आयर्न, डाव्यात चिमटा, आणि डॉक्टर काहीही म्हणोत, दातांत सोल्डरची तार. अशा वेळी मोबाइलवर बोट फिरवत ‘पुढचं गाणं’ शोधत बसलो तर बोर्डवरचा ट्रॅक जळतो. म्हणून मला रेडिओ लागतो. कुणीतरी लांब बसून काहीतरी लावलेलं आहे, ते आपण ऐकायचं. आवडलं नाही तरी ऐकायचं, कारण बदलायला उठणार कोण?

मांडी घालून बैठकीत बसणारे काही रसिक सांगतात, शास्त्रीय गाणं असं कामाच्या गडबडीत ऐकू नये, त्याचा मान जातो. म्हणोत बापडे. अकोल्यात टिळक रोडच्या एका बोळात माझं रेडिओ-टेप-मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि माझं जे काही ऐकणं झालं ते सगळं दुरुस्तीच्या टेबलावर झालं. मैफिलींची तिकिटं काढून मी शिकलो असतो तर भीमपलास आणि पटदीप यांतला फरक कळायला दुसरा जन्म घ्यावा लागला असता.

धंदा शिकलो अमरावतीत, जवाहर गेटच्या आत एका उस्तादांकडे. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मर्फी, बुश, फिलिप्स, नेल्को असे वाल्व्हचे सेट अजून दुरुस्तीला येत आणि ट्रान्झिस्टरांचा ढीग वेगळाच असे. तेव्हा रेडिओ ऐकणं फुकट नव्हतं. पोस्टात जाऊन दरसाल लायसनचे पैसे भरायचे आणि पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. काही सरळमार्गी गिऱ्हाइकं सेटबरोबर ते पुस्तकही दुकानात आणत, जणू आम्हीच तपासणार होतो. ऐंशीच्या दशकात लायसन गेलं. तरी ती पुस्तकं जुन्या सेटच्या पाठीमागे खोचलेली मला अजूनही सापडतात.

सेट दुरुस्त झाला की आयएफ ४५५ किलोहर्ट्झवर जुळवायची आणि मग डायलची दोरी नीट बसली का ते पाहत काटा टोकाशी न्यायचा, नागपूरवर. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ला सुरू झालं. ५८५ किलोहर्ट्झवरचं ते मीडियम वेव्ह म्हणजे अख्ख्या वऱ्हाडाचं घरचं स्टेशन. बातम्या, शेतीचे भाव, भजनं. पण उस्तादांना सेट तपासायला शास्त्रीय गाणंच लागे. गाण्याच्या प्रेमापेक्षा त्यात व्यवहार जास्त होता. बोलण्यात सेटची खोट झाकली जाते, सिनेमाच्या गाण्यात तर पूर्णच झाकली जाते. ख्यालाच्या सुरुवातीला गवई नुसता षड्ज लावून थांबतो तेव्हा मागचा तानपुरा ऐकू आला पाहिजे. तो आला नाही आणि त्या जागी घरघर आली, तर फिल्टरचा कंडेन्सर सुकला आहे.

ही घरघर म्हणजे काय, तर आपली वीज ५० सायकलची, रेक्टिफायरमधून गेली की तिचा गुंजारव १०० हर्ट्झवर येतो. पुढे दुकानात एक हार्मोनियम दुरुस्तीला आली होती (हार्मोनियम आमचं काम नव्हे, पण वऱ्हाडात इलेक्ट्रिकवाल्याकडे लोक काहीही आणतात) तेव्हा मी हा सूर तिच्यावर शोधून पाहिला. पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे कुठेतरी तो पडतो. आता गवई काळी एकमध्ये गात असेल तर पांढरी पाच म्हणजे त्याचा तीव्र मध्यम आणि काळी चार म्हणजे पंचम. घरघर या दोघांच्या फटीत बसते, ना इकडची ना तिकडची. बाकी रागात कान ते सोसून घेतो. मारव्यात मात्र नाही, कारण मारव्याला पंचम वर्ज्य आणि मध्यम तीव्रच. उस्ताद सुरांची नावं घेत नसत. संध्याकाळी एखादा सेट घरघरू लागला की म्हणत, “हे गानं नासवून राह्यलं रे, कंडेन्सर बदल.”

शनिवारी रात्री साडेनऊला दिल्लीहून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागे. तो २० जुलै १९५२ला सुरू झालेला. त्या वेळी नभोवाणी मंत्री होते पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. सिनेमाची गाणी त्यांनी आकाशवाणीवरून घालवली आणि लोक रेडिओ सिलोनकडे पळाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मते ते चुकलेच. लोकांना गोडी लावायला दुसरं ताट ओढून घ्यावं लागत नाही. पण शनिवारची ती रात्र त्यांच्याच काळातली, आणि तिच्यामुळे वऱ्हाडातल्या ज्या गावात कुणी मोठा गवई फिरकला नाही तिथेही दीड-दीड तास गाणं पोचलं. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या मोटारी रात्रंदिवस चालत आणि मीडियम वेव्हवर त्यांचा कचरा येई. मग सेट फिरवून, एरियलची तार खिडकीच्या गजाला बांधून, जो काही गवई हाती लागेल तो ऐकायचा.

अकोल्यात स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा कॅसेटचं राज्य होतं. रेडिओ ऐकणारी एक जमात मात्र टिकून होती ती रात्रपाळीवाल्यांची. १९८८मध्ये आकाशवाणीने राष्ट्रीय चॅनल सुरू केलं. त्याचा एक मेगावॅटचा ट्रान्समीटर नागपूरजवळ, १५६६ किलोहर्ट्झवर. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चालायचं. दालमिलचे, जिनिंगचे चौकीदार माझ्याकडे सेल घालायचे ट्रान्झिस्टर घेऊन येत आणि त्यांची मागणी एकच असे, “रातचं टेशन खरखरते, ते पाहा.” त्यातल्या एकाला रुद्रवीणा ओळखता येत होती. नाव माहीत नव्हतं, पण रात्री दोनच्या सुमारास ‘ते जाडं वाजते ते’ लागलं की झोप येत नाही, असं तो सांगे. भारनियमनाच्या वर्षांत तर अर्धं शहर त्या सेलवाल्या सेटांवर आलं. २०१९च्या सुरुवातीला ते चॅनल बंद झालं. आता त्या फ्रिक्वेन्सीवर काटा नेला तरी ते ‘रातचं टेशन’ लागत नाही.

मधे एक सॅटेलाइट रेडिओही येऊन गेला, वर्ल्डस्पेस. वर्षाची वर्गणी भरायची, चपटा एरियल आग्नेयेकडे आकाशात रोखायचा, आणि ‘गंधर्व’ नावाच्या चॅनलवर चोवीस तास हिंदुस्थानी संगीत. आवाज असा की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी सेटचं झाकण उघडून पाहिलं. ३१ डिसेंबर २००९ला भारतातली सेवा बंद झाली आणि ते महागडे सेट रातोरात डबे झाले. दोन-तीन माझ्या माळ्यावर आहेत. त्यांच्या स्पीकरला मी अजून हात लावलेला नाही.

एवढं सगळं पाहिल्यावर मोबाइलवरच्या रेडिओवर माझा लगेच विश्वास बसला नाही, यात नवल नाही. २६ जानेवारी २०१६ला आकाशवाणीने ‘रागम’ सुरू केलं, चोवीस तास शास्त्रीय संगीत, इंटरनेटवर, वर्गणी नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा पाण्यासारखा वाहू लागला. दोन्ही गोष्टी एका वर्षात घडल्या नसत्या तर हे गाणं वऱ्हाडात कुणी ऐकलं असतं असं मला वाटत नाही. मग आकाशवाणीच्या ॲपवर देशभरच्या केंद्रांचे दोनशेच्या वर प्रवाह मिळू लागले. टेबलावर फोन उभा केला, आयर्न तापत ठेवलं आणि रागम लावलं. तानपुरा ऐकू आला, त्याच्या खाली काहीच नव्हतं. घरघर नाही, जिनिंग नाही, वीज चमकल्याचा कडाका नाही. माझ्यासारख्याला क्षणभर चुकल्यासारखं झालं. सेटमध्ये बिघाड शोधायची कानाला लागलेली सवय, तिला करायला कामच उरलं नाही.

फुकट म्हणजे किती फुकट, याचा हिशेब मी गिऱ्हाइकांना कागदावर करून देतो. प्रवाह ६४ केबीपीएसचा असेल तर तासाला साधारण २९ एमबी जातात. म्हणजे एका जीबीत चौतीस-पस्तीस तास गाणं. रोजच्या दीड जीबीच्या रिचार्जात दिवसभर रेडिओ चालवला तरी नातवाला कार्टून पाहायला पुरून उरतं. जुन्या लायसनपेक्षा हे स्वस्त की महाग, ते ज्याने त्याने ठरवावं.

माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक साठी ओलांडलेली. तक्रारी ठरलेल्या. स्क्रीन बंद झाली की दहा मिनिटांत गाणं गप्प होतं. तो रेडिओचा दोष नसतो, फोनचा बॅटरी सेव्हर ॲपला मागल्या मागे झोपवतो. सेटिंगमध्ये जाऊन त्या एका ॲपला मोकळीक दिली की झालं. दुसरी तक्रार, ऐन द्रुतमध्ये जावयाचा फोन येतो. त्यावर उपाय म्हणजे घरातला जुना, सिम नसलेला फोन फक्त रेडिओला ठेवायचा. पण वीज मंडळातून निवृत्त झालेल्या एका काकांची तक्रार मला पहिल्यांदा कळेचना. म्हणाले, “तुम्ही मोबाइलवर रेडिओ लावून दिला तेव्हापासून घरातलं घड्याळ मागं पडून राह्यलं.” ते आयुष्यभर बातम्यांआधीच्या टोल्यांवर भिंतीवरचं घड्याळ लावत आलेले. इंटरनेटचा आवाज आधी पुढ्यात साठवला जातो आणि मग वाजतो, त्यामुळे हवेतल्या रेडिओपेक्षा तो अर्धा-पाऊण मिनिट उशिरा येतो. मी एका हातात ट्रान्झिस्टर, एका हातात फोन धरून तेच केंद्र दोन्हीवर लावून दाखवलं. ट्रान्झिस्टरवरची निवेदिका वाक्य संपवून मोकळी झाली तरी फोनवरच्या निवेदिकेचं तोंडही उघडलं नव्हतं. काकांनी बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, “यातली खरी कोनती?” घड्याळासाठी ते आजही ट्रान्झिस्टर ठेवतात, गाण्यासाठी फोन.

अलीकडे आजोबांचा वाल्व्ह सेट आणून त्यात ब्लूटूथचं किट टाकून द्या म्हणणारे वाढलेत. लाल-निळे दिवे, रिमोट, वर यूएसबी. आतली चासी भंगारात आणि लाकडी पेटीचा नुसता सांगाडा. माझ्या जिवावर येतं. पुण्याला नोकरी करणारा एक मुलगा असाच मर्फी घेऊन आला. मी मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढून त्याला दोन छिद्रं दाखवली, पिकअपची. पूर्वी ग्रामोफोनची पिन लावायची सोय वाल्व्ह सेटांत असे. म्हणजे बाहेरचं गाणं आत घ्यायचा दरवाजा बनवणाऱ्यानेच ठेवलेला आहे, भिंत फोडायची काय गरज?

इथे एक सांगतो, कारण हे करायला जाऊन फोन जाळणारे आणि झटका खाणारे दोन्ही आहेत. एसी-डीसी प्रकारच्या सेटांत ट्रान्सफॉर्मर नसतो, चासी थेट विजेला जोडलेली असते. तिच्या पिकअपला फोनची वायर लावली की मेनची वीज फोनच्या अंगावर. या मर्फीत मेन ट्रान्सफॉर्मर होता, तरी मी मधे आवाजाचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातलाच. फोनचे डावा-उजवा चॅनल एकमेकांना थेट जोडायचे नाहीत. मधे एकेक रेझिस्टर घालून मगच एक करायचे, कारण जुन्या सेटला कान एकच. फिल्टरचे कंडेन्सर नवे टाकले, वाल्व्हचे पाय घासले, बँडचा खटका ग्रामोफोनच्या खुणेवर नेला. जुना फोन झाकणाआड बसवला आणि रागम लावलं. वाल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो, मग डायल पिवळी होते आणि गाणं तळातून वर येतं. त्या आवाजाला गोलाई असते. कारण विचाराल तर वरच्या पट्टीतला बराच भाग तो सेट खाऊन टाकतो, एवढंच आहे. पण कानाला बरं वाटतं हेही खरं.

घरी पोचवायला गेलो तेव्हा आजीने सवयीने आधी ट्युनिंगची गुंडी फिरवली. काटा सरकत गेला, गाणं तेच. पुन्हा उलट फिरवली, तरी तेच. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मंग हे कायले ठेवलं?” मला उत्तर सुचलं नाही.

रागमवर मला सगळ्यात मोठी भेट मिळाली ती मी न मागितलेली. तिथे हिंदुस्थानीच्या मागून कर्नाटक संगीत येतं. हात गुंतलेले असल्यामुळे मी ते बदललं नाही, आणि ऐकता ऐकता एक दिवस एम. डी. रामनाथन यांच्या आवाजाशी थांबलो. इतका खालचा, इतका बिनघाईचा आवाज मी मराठी मुलुखात ऐकला नव्हता. आता स्पीकरचा कागदी कोन बदलला की त्यांचं काही लागतंय का याची वाट पाहतो. तो आवाज न फाटता आला तर कोन पास. माझं मी निवडत बसलो असतो तर या माणसाचं नाव आयुष्यात कधी शोधलं नसतं. जे ठाऊक नाही ते शोधणार कसं?

आणि मारवा. संध्याकाळी साडेपाच-सहानंतर तो कधीतरी लागतो, रोज नाही. दुकानात तेव्हा एक निवृत्त गुरुजी चहाला येतात. अमीर खाँसाहेबांचा मारवा लागला की त्यांचं ठरलेलं असतं, “आपल्या अकोल्याचे!” खाँसाहेबांचा जन्म १९१२चा. काही चरित्रांत जन्मगाव अकोला दिलेलं आहे, काहींत कलानौर. वाढले मात्र इंदूरला, यावर सगळ्यांचं एकमत. गुरुजींना कलानौर मान्य नाही. त्यांचा युक्तिवाद असा की अकोल्याहून खांडव्यामार्गे इंदूरला मीटरगेजची गाडी जात होती, मग माणूसही गेला असेल. यावर कोर्टात निकाल लागणार नाही, पण चहा गोड लागतो.

मी त्यांना सांगतो, वादाची गरज काय, बिनवादाचा एक मारवा आपल्याजवळ आहेच. वसंतराव देशपांडे यांचा जन्म २ मे १९२०चा, मूर्तिजापूरचा. अकोल्याहून अमरावतीकडे निघालं की काटेपूर्णा ओलांडल्यावर येतं ते. शकुंतला रेल्वेचं जंक्शन म्हणून ठाऊक असलेलं हे गाव. लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे वसंतराव महिनोन्‌महिने एकटा मारवाच शिकले, ही गोष्ट गाण्यातल्या लोकांत सर्वांना माहीत आहे. मला त्याहून त्यांची नोकरी जवळची वाटते. लष्कराच्या हिशेब खात्यात त्यांनी दोन तपं कारकुनी केली. दिवसभर आकडे आणि डोक्यात काय चालत असेल ते त्यांनाच ठाऊक. १९६७ला ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. हात कामात गुंतलेले असले म्हणजे गाण्याचा मान जातो, असं म्हणणाऱ्यांना मी हे नाव ऐकवतो.

रागमवर सगळंच छान आहे असं नाही. निवेदन कधी कधी इतकं त्रोटक असतं की कोण गायलं ते कळत नाही, तबल्यावर कोण होतं ते विचारूच नका. जुनी ध्वनिमुद्रणं लागली की साथीला हार्मोनियमऐवजी सारंगी ऐकू येते. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली, त्याचा हा माग. ही गोष्ट कुणी दोन वाक्यांत सांगितली तर ऐकणाऱ्याचा कान किती मोठा होईल! सांगत नाहीत. आणि गेलेलं गाणं परत मिळत नाही.

यावरून आमच्या बोळातली शिलाईवाली ताई माझ्याशी भांडते. तिच्या मशीनशेजारी मीच तिच्या मुलाचा जुना फोन लावून दिला, आवाज मशीनच्या वर जावा म्हणून डबीतला स्पीकर जोडला. पंधरा दिवसांनी आली, “दादा, काल चार वाजता एक बाई गात होती, ते परत लावून द्या ना.” मी म्हटलं, हा रेडिओ आहे, कॅसेट नव्हे. “मंग नाव तरी सांगा.” चारच्या सुमारास काय लागलं असेल, मधुवंती, मुलतानी, काहीही. बाई कोण, ते कसं सांगणार? ती चिडून गेली. पण तेव्हापासून निवेदन लागलं की पायडल थांबवते आणि ब्लाउजच्या खाकी पॅटर्नवर मार्किंगच्या खडूने नाव लिहून ठेवते. परवा तो कागद घेऊन दुकानात आली. किशोरीबाई, मालिनीबाई, प्रभाताई, अश्विनीताई. आडनावं तिच्या कानाला लागली तशी. विचारलं, “यातल्या कोनत्या बाईचं गानं समोर बसून आयकता येईन?”

पहिल्या तिघी गेल्या, किशोरी आमोणकर २०१७ला, मालिनी राजूरकर २०२३ला, प्रभा अत्रे २०२४ला. मी एकेका नावावर बोट ठेवून सांगितलं. ती गप्प झाली, मग अश्विनी भिडे-देशपांडे या नावावर खडूने गोल केला. “ह्या अमरावतीले येत असतीन का?”

मी म्हटलं, आल्या तर तुझं मशीन आणि माझं आयर्न दोन्ही बंद ठेवू. ती म्हणाली, दिवाळीच्या आधी आल्या तर जमनार नाही, शिलाई लय असते.